मी पाहिलेले निसर्ग-संग्रहालय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यातल्याच कोणी एकीने दोन शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव धरले. "तुम्ही दीड महिना लंडनला राहून आलात, तिकडची गंमत सांगा," म्हणाल्या. मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला दोन ओळी आभाराच्या बोलण्यापलीकडे मला भाषणाचा सराव नाही. तेव्हा काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

लंडनला मी गेले ती फिरायला नव्हे. धाकट्या बहिणीचे दुसरे बाळंतपण होते, आणि आईच्याने आता एवढा प्रवास होत नाही. म्हणून २०२४ सालच्या सप्टेंबरात डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा असे सगळे बांधून मीच गेले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बहिणीची थोरली मुलगी दहा वर्षांची. घरात तान्हे बाळ आले की मोठ्या मुलाची जी अवस्था होते, तीच तिची झाली होती. सुटीच्या दिवशी तिला घेऊन बाहेर पडणे हे माझ्याकडे आले. खरे म्हणजे तीच मला घेऊन जात असे. तिला आवडते ते एकच ठिकाण, नॅचरल हिस्टरी म्युझियम. तिथे आम्ही तीन वेळा गेलो. राणीचा वाडा मी बसमधून पाहिला, पण हे घर मात्र पोटभर पाहिले. म्हणून आज त्याचेच सांगते.

पहिली गोष्ट, तिथे तिकीट नाही. २००१ सालापासून तिकडच्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत नेहमीची दालने सर्वांना फुकट पाहता येतात. एखादे खास प्रदर्शन असले तरच पैसे पडतात. त्यामुळे आत कोण नव्हते! लेकुरवाळ्या बाया होत्या, शाळेची मुले होती, काठी टेकीत आलेले म्हातारे होते. एकदा पाहून पुरे झाले नाही तर पुन्हा यावे. पैसे मोजून गेलेला माणूस सगळे एका दिवसात उरकायला बघतो. फुकट असले की सावकाश बघता येते.

इमारत म्हणाल तर एखाद्या मोठ्या देवळासारखी. १८८१ सालच्या एप्रिलमध्ये ती लोकांसाठी उघडली. मूळ संग्रह हान्स स्लोन नावाच्या एका डॉक्टरांचा. ते १७५३ साली वारले. त्यांनी जन्मभर जमवलेल्या वनस्पती, शिंपले, दगड, पुस्तके सरकारने विकत घेतली आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम निघाले. पुढे वस्तू इतक्या वाढल्या की जागा पुरेना. तेव्हा रिचर्ड ओवेन नावाच्या विद्वानाने वर्षानुवर्षे आग्रह धरला, की निसर्गाच्या वस्तूंना वेगळे घर पाहिजे. आल्फ्रेड वॉटरहाऊस यांनी ते बांधले. भिंती भाजलेल्या मातीच्या, आणि त्यांवर जिकडे पाहावे तिकडे प्राणी! खांबावर माकडे चढताहेत, कमानीवर पक्षी बसले आहेत. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर हत्तींच्या रांगा असतात ना, त्यांची आठवण झाली. त्यातही एक योजना आहे बरं का. पश्चिमेच्या बाजूला आज जिवंत असलेले प्राणी कोरले आहेत, आणि पूर्वेच्या बाजूला जगातून नाहीसे झालेले.

आत पाऊल टाकले की डोक्यावर देवमाशाचा सांगाडा. देवमासा म्हणजे निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. लांबी पंचवीस मीटरांहून थोडी जास्त. आपल्या मंडळाचे हे सभागृह त्याच्या शेपटीला पुरणार नाही. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर, वेक्सफर्ड बंदराच्या तोंडाशी, ही मादी वाळूत अडकून मेली. २०१७ साली तिला मधल्या दालनात छताला टांगले. सूर मारताना तोंड उघडते तशी ती ठेवली आहे. तिचे नाव त्यांनी 'होप' ठेवले आहे, म्हणजे आशा. आपल्या मंडळात तीन आशाताई आहेत, त्यांनी रागावू नये! नावाचे कारण असे, की तेलासाठी माणसांनी हे मासे मारमार मारले. अगदी थोडे उरले, तेव्हा १९६६ साली देशोदेशींनी मिळून निळ्या देवमाशाची शिकार बंद केली. तेव्हापासून ते हळूहळू पुन्हा वाढू लागले. माणसाने मनावर घेतले तर मोडत आलेले सावरता येते, ही ती आशा.

वरच्या मजल्यावर एका झाडाच्या बुंध्याचा आडवा काप आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला सिकोया. तेराशेहून अधिक वर्षांचे ते झाड १८९० नंतरच्या दोनचार वर्षांत तोडले. लाकडात वर्षाला एक याप्रमाणे कडी पडत जातात, ती मोजली की वय कळते. भाची इंग्रजीतले इतिहासातले प्रसंग वाचून दाखवीत होती. मी मनाशी आपला हिशेब केला. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. त्या वेळी हे झाड सुमारे सातशे वर्षांचे, भर जवानीत होते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, तोही त्याच्या एका बारीक कड्यात आहे. एवढे वय झालेल्या झाडाला करवत लावताना माणसांचे हात कसे धजले असतील, कोण जाणे.

आता मुलांच्या आवडीचे, डायनोसॉरचे दालन. तिथे एक यंत्राचा राक्षसी प्राणी मान हलवून गुरगुरतो. लहान पोरे आईच्या मागे दडतात आणि पुन्हा डोकावून बघतात. भाचीने मला विचारले, "मावशी, हे सगळे कशाने मेले?" आणि उत्तरही तिनेच पाटीवरून वाचले. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड पाषाण आजच्या मेक्सिकोपाशी आदळला. धुराळ्याने सूर्य झाकला गेला, झाडे मेली, झाडे खाणारे मेले, त्यांना खाणारेही मेले.

पण भगिनींनो, याच सुमारास आपल्या मुलुखात काय चालले होते ठाऊक आहे? जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर येत होता. एकावर एक थर साचत गेले. तोच आपला काळा कातळ, तोच आपला सह्याद्री. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. घाटात गाडी वळणे घेते तेव्हा डोंगरावर पायऱ्यांसारखे थर दिसतात, ते हेच. त्या अग्निरसातून निघालेल्या वायूंनी हवा बिघडली आणि डायनोसॉरांच्या नाशाला तेही थोडेफार कारण झाले, असे काही शास्त्रज्ञ मानतात. त्यावर त्यांच्यात वाद आहे. पण आपल्या पाट्या-वरवंट्याचा, जात्याचा, उंबऱ्याचा दगड त्या काळचा आहे, याबद्दल वाद नाही. इतकी वर्षे मी त्या पाट्यावर चटणी वाटली, आणि त्याचे वय मला सातासमुद्रापलीकडे कळले! पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत याच कातळाच्या पोकळ्यांतून गर्द निळ्या रंगाचे स्फटिक निघतात. कॅव्हनसाइट त्यांचे नाव. जगभरचे रत्नपारखी आणि संग्राहक ते हौसेने घेतात. खडी फोडणाऱ्या आपल्या बायांच्या पाटीतून असे काही गेलेही असेल.

रत्नांवरून आठवले. तिथे मौल्यवान खड्यांची एक वेगळी खोली आहे. त्यात एक जांभळा खडा आहे, 'दिल्लीचा जांभळा नीलम' म्हणून प्रसिद्ध. आपल्याकडे नीलम म्हटले की बायका दचकतात. लाभला तर लाभला, नाही तर घरावर संकट. या खड्याचीही कथा तशीच. १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून एका गोऱ्या अधिकाऱ्याने तो लुटून नेला, ज्याच्या ज्याच्या घरी गेला त्याचे वाटोळे झाले, एकाने तो कालव्यात फेकला तरी गाळ उपसताना सापडून परत आला, असे एका चिठ्ठीत लिहिले आहे. ती चिठ्ठी हेरन-ॲलन नावाच्या गृहस्थांची. त्यांच्या मृत्यूनंतर १९४४ साली खडा संग्रहालयाकडे आला. आता खरे ऐका. मुळात तो नीलमच नाही, ॲमेथिस्ट नावाचा साधा खडा आहे. आणि या गृहस्थांनी टोपणनावाने १९२१ साली अशाच खड्याची एक गोष्ट लिहिली होती. तिला रंग चढावा म्हणून ही शापाची कथा त्यांनी रचली असावी, असे संग्रहालयातील जाणकार म्हणतात. मी त्या खड्यासमोर चांगली पाच मिनिटे उभी राहिले. त्यानंतर माझी बॅग हरवली नाही की विमान चुकले नाही.

आता ज्यासाठी मी आज एवढे बोलते आहे, त्याकडे येते.

समुद्री सरड्यांच्या मोठमोठ्या दगडी सांगाड्यांच्या दालनात एका बाईचे नाव वाचायला मिळते. मेरी ॲनिंग. जन्म १७९९, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस या गावी. बाप सुतारकाम करणारा. ती अकरा वर्षांची असताना तो वारला, डोक्यावर कर्ज ठेवून. आई आणि मुले समुद्रकाठच्या कड्यांतून दगड झालेले शिंपले, हाडे शोधून आल्यागेल्यांना विकत. हिवाळ्यात दरडी कोसळतात तेव्हाच नवे काही उघडे पडते, म्हणून ऐन थंडीत, जीव मुठीत धरून ही पोर हातोडी घेऊन फिरे. भावाने एक डोके शोधले होते. १८१२ साली, बारातेराव्या वर्षी, तिने त्याचे सारे धड शोधून काढले. तो इक्थिओसॉर. १८२३ साली तिने लांब मानेचा दुसरा प्राणी, प्लेसिओसॉर, सबंध सापळ्यासह शोधला. शाळा म्हणाल तर रविवारी चर्चमध्ये अक्षरओळख होई तेवढीच. बाकी सगळे शास्त्र तिने लोकांची पुस्तके हाताने उतरवून घेऊन शिकले. मोठमोठे पंडित तिच्याकडून हाडे विकत घेत, तिला विचारून लेख लिहीत, आणि लेखात तिचे नाव घालीत नसत. तिकडच्या भूगर्भशास्त्राच्या सभेत बायकांना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १९१९ साली. मेरी तर १८४७ सालीच वारली होती.

मी त्या दगडी हाडांसमोर उभी होते आणि माझ्या मनात घरचा एक प्रश्न घोळत होता. माझी मुलगी त्या वेळी बारावीला होती. तिला प्राणिशास्त्र शिकायचे आहे. तेही वाघ-सिंहांचे नव्हे, किड्यांचे. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "किड्यामुंग्या शिकून कुणाचं भलं झालंय?" शेजारणींनीही विचारले, लग्नात काय सांगणार? मलाही या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. ते उत्तर मला तिथे मिळाले.

त्या संग्रहालयात जे काचेत दिसते ते फार थोडे. आत कपाटांतून, खणांतून सुमारे आठ कोटी वस्तू ठेवल्या आहेत. त्यात पिसवांचाही संग्रह आहे. हो, पिसवा! कुत्र्यामांजरांच्या, उंदरांच्या अंगावर असतात त्या. चार्ल्स रॉथशिल्ड नावाच्या एका श्रीमंत सावकाराने देशोदेशीच्या पिसवा जमवून संग्रहालयाला दिल्या. ऐकून हसू येते ना? पण आता आपल्याकडचा इतिहास आठवा.

१८९६ साली मुंबईला मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. घरेच्या घरे ओस पडली. लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहू लागले. सावित्रीबाई फुले त्या वेळी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तीच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या बाईमुळे आपल्या हातात पाटी-पेन्सिल आली, मी सातवीपर्यंत का होईना शिकले, त्या बाईला कशाने मारले हे त्या दिवशी जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. हवेतून येतो, घाणीतून येतो, जमिनीतून येतो, असे तर्क चालले होते. उंदीर मरतात एवढे दिसत होते. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की आजारी उंदरावरची पिसू हा रोग दुसऱ्याला देते. पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. पण पिसू म्हणजे कुठली? पिसवा शेकडो जातींच्या. १९०३ साली याच रॉथशिल्डनी आफ्रिकेतल्या सुदानात सापडलेल्या एका पिसवेचे वर्णन करून तिला नाव दिले. तीच प्लेगची मुख्य पिसू निघाली. प्लेगचे जंतू तिच्या अन्ननळीत साचून वाट बंद करतात. रक्त पोटात जात नाही, म्हणून ती भुकेने वखवखून पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला जंतू माणसाच्या अंगात ओकते. मुंबईच्या उंदरांवर हीच पिसू फार. मद्रासेकडे मात्र दुसऱ्याच जातीची पिसू जास्त होती, ती रोग तितकासा पसरवीत नाही. मद्रासेत प्लेग कमी का, याचे एक कारण असे उलगडले. डोळ्यांना दोघी सारख्याच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, फरक टिपून, नाव देऊन कोणी खणात ठेवल्या होत्या म्हणून ओळखता आल्या.

या रॉथशिल्डांची मुलगी मिरियम. १९०८ साली जन्मली, २००५ साली वारली. मोठेपणापर्यंत ती शाळेत गेलीच नाही, घरीच शिकली. घरची श्रीमंती होती हे खरे, पण पदवी परीक्षा काही दिली नाही. वडिलांच्या पिसवांची जंत्री तिने एका सहकाऱ्याबरोबर करायला घेतली. पहिला खंड १९५३ साली निघाला, आणि हे काम वर्षानुवर्षे चालले, संसार आणि मुले सांभाळून. पिसू एवढी उंच उडी कशी मारते, हेही तिने शोधले. विद्यापीठांनी तिला सन्मानाने पदव्या दिल्या, आणि १९८५ साली विलायतेच्या सर्वांत मानाच्या रॉयल सोसायटीने तिला आपल्यात घेतले. सासूबाईंना मी फोनवरून हे सगळे सांगितले. प्लेगच्या वर्षांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मग शिकू दे की."

आणखी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राचीच सांगते. काँग्रेस ज्यांनी स्थापन केली त्यांतले ॲलन ह्यूम आपण इतिहासात वाचतो. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. पक्ष्यांवर त्यांनी लिहून ठेवलेले हजारो कागद सिमल्याच्या घरातून नोकराने बाजारात रद्दीत विकले! भगिनींनो, रद्दी देताना एकदा चाळून बघत जा. ह्यूम इतके खचले की १८८५ साली, ज्या वर्षी काँग्रेस निघाली त्याच वर्षी, त्यांनी आपला हजारो पक्ष्यांचा संग्रह या संग्रहालयाला देऊन टाकला. आता पक्ष्यांचा विभाग लंडनबाहेर ट्रिंग या गावी आहे.

ह्यूमनी १८७३ साली एका छोट्या घुबडाला नाव दिले होते. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. १८८४ पर्यंत असे अवघे सात पक्षी मिळाले. त्यांतले काही आपल्या खानदेशातले, डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने जमवलेले. पुढे तो पक्षी कोणाला दिसेना. नाहीसाच झाला म्हणायचे, तर एका इंग्रज कर्नलाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या पायाला चिठ्ठी होती, '१९१४, मांडवी, गुजरात.' पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीला त्याची शंका आली. तिने तो पक्षी आतून-बाहेरून बारकाईने तपासला. आपण जशी एखादीच्या हातची शिवण ओळखतो, तशी तिने पेंढा भरण्याची जुनी पद्धत ओळखली. हात डेव्हिडसनचा! म्हणजे कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच पक्षी चोरून, उसवून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी बांधली होती. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून ही मंडळी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे निघाली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा झाडावर जिवंत बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही दिसला.

हे ऐकल्यापासून मला माझ्या फडताळातल्या बरण्या वेगळ्या दिसू लागल्या. बरणीवर चिठ्ठी नसेल तर आतला माल घरातल्या जाणत्या बाईला ठाऊक असतो, आणि ती गेली की कोणालाच नाही. संग्रहालयातही तसेच. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते, आणि तिच्यावर चार गोष्टी. नाव काय, कुठे मिळाले, कधी मिळाले, कोणी आणले. चिठ्ठी हरवली तर वस्तू असून नसल्यासारखी. आणि चिठ्ठी खोटी असली तर नसल्याहून वाईट.

तिथे सगळेच मला रुचले असे मात्र नाही. इतके जीव मारून पेंढा भरलेले पाहून पोटात कालवाकालव होते. आता तसे सर्रास मारत नाहीत, पण पूर्वी मारले हे खरेच. आणि पुष्कळशा वस्तू साहेबांचे राज्य होते म्हणून तिकडे गेल्या. आपल्या शिवालिक डोंगरांतली प्राचीन हाडे फाल्कनर आणि कॉटली या दोघांनी १८३० नंतरच्या काळात जमवली, ती तिथे आहेत. त्यांतल्या जिराफाच्या जातीच्या एका दांडग्या प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावावरून शिवथेरियम म्हटले. नाव आपल्या देवाचे, आणि हाडे बघायला आपण विमानाने जायचे! हे मनाला लागते. पण ती हाडे ज्यांनी उचलली त्यांना त्यांची किंमत कळली होती, हेही तितकेच खरे. आपल्या दारची वस्तू आपण ओळखावी, म्हणजे दुसऱ्याने ओळखून देण्याची पाळी येणार नाही.

म्हणून शेवटी दोन सूचना मांडते. पटल्या तर टाळी द्या, नाही पटल्या तरी चहा आहेच.

एक अशी, की यंदाच्या सहलीला आपण मुलाबाळांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तिथे निसर्गाचा चांगला विभाग आहे. १८८३ साली निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून आणि मदतीने तो उभा राहिला. पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९२६ साली त्याच विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते. लंडनला सगळ्यांना जाता येणार नाही, मुंबईला येईल.

दुसरी अशी, की मंडळाने एक जाड वही घालावी. पावसाळ्यात आपल्याकडे टाकळा, कुरडू, करटुली, शेवळे, भारंगी अशा किती रानभाज्या येतात. कोणती कशी ओळखावी, कोणती चिंचेच्या कोळाशिवाय खाजते, हे आपल्यातल्या साठीपुढच्या चार-पाच जणींनाच पुरते ठाऊक आहे. मागच्या वर्षी आपल्यातल्या एक आजी गेल्या, त्यांच्याबरोबर अशा कित्येक भाज्यांची नावे गेली. यापुढे तसे होऊ नये. प्रत्येक भाजीचे एक पान वाळवून वहीत चिकटवावे, आणि खाली त्याच चार गोष्टी लिहाव्यात. नाव, जागा, तारीख, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव. हे शेवटचे विसरू नये. मेरी ॲनिंगचे नाव घालायला लोक विसरले होते. आपण आपल्या बायकांची नावे घालू.

वहीचे पहिले पान मी आणले आहे. टाकळ्याचे आहे. चित्र माझ्या मुलीने काढले, माहिती सासूबाईंनी सांगितली, आणि अक्षर माझे आहे. माझ्या मुलीने या जूनमध्ये प्राणिशास्त्राला नाव घातले आहे, हेही जाता जाता सांगून ठेवते. लग्नात काय सांगणार असे विचारणाऱ्यांना मी आता प्लेगची गोष्ट सांगते, ती जरा लांबते, पण ऐकणारी पुन्हा विचारीत नाही.